कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्या टाकू नका, आधी झाकण बघा

सोलापुरात सध्या जुनी घरं पाडून अपार्टमेंट उभी राहतायत, आणि घर रिकामं करताना माळ्यावरनं नाहीतर लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातनं हमखास निघणारी वस्तू म्हणजे कॅमेऱ्याच्या रोलची डबी. काळी, करड्या झाकणाची, नाहीतर दुधी अर्धपारदर्शक. एकीत बटणं, एकीत सेफ्टी पिना, एकीत आजीची मिश्री, आणि एखादीत कशाचा तरी नट जो काय म्हणून ठेवला ते आता घरात कोणालाच माहीत नाही. त्या काळी ३५ मिलिमीटरचा रोल घेतला की डबी फुकट यायची, म्हणून तिला किंमत नव्हती. आता रोल मिळतात पण महाग, घेणारे मोजके, त्यामुळे घरात आहेत त्याच डब्या, नवीन काही येत नाहीत.

नेटवर "फिल्मच्या डबीचे पन्नास उपयोग" वगैरे लिस्टा ढिगानं आहेत, पण डबी-डबीत फरक असतो आणि तो फरक झाकणाचा असतो हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून ज्यांच्या हातात पहिल्यांदाच असल्या पाच-पन्नास डब्या आल्यात आणि आई मागनं "टाक ते भंगारात" म्हणायलीय, त्यांच्यासाठी हे सविस्तर.

पायरी १: उघडायच्या आधी हलवून बघा

खडखड वाजलं तर आत रोल असू शकतो. डबी उघडली म्हणून रोल खराब होत नाही, कारण रोल स्वतःच्या पत्र्याच्या खोळीत असतो, पण त्या खोळीतनं फिल्म ओढून बाहेर काढू नका, प्रकाश लागला की संपलं. रोलचं टोक, म्हणजे ती जिभेसारखी पट्टी, बाहेर असेल तर बहुतेक तो कोरा रोल. टोक पूर्ण आत गेलेलं असेल तर त्यावर फोटो काढलेले असायची शक्यता जास्त. म्हणजे एखाद्याच्या लग्नाचे नाहीतर बारशाचे फोटो अजून धुवायचे राहिलेत.

असा रोल डबीतच ठेवा, डबी झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये, आणि रोल धुणारी (म्हणजे डेव्हलप करणारी) लॅब शोधा. सोलापुरात जवळपास सगळे स्टुडिओ डिजिटलवर गेलेत, तरी जुन्या स्टुडिओवाल्याला विचारलं तर तो पुण्या-मुंबईच्या लॅबचा रस्ता दाखवतो, कुरियरनं पाठवता येतो. खोळीवर "सी-४१" छापलं असेल तर तो साधा कलर रोल, आजही धुतला जातो, वय झालं म्हणून रंग उडालेले येतील एवढंच. कोडाक्रोम लिहिलेला असेल तर मात्र नाद सोडा, त्याचे रंगीत फोटो काढून देणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्सस राज्यात होती आणि तिनंही २०१० च्या डिसेंबरअखेर असे रोल घेणं बंद केलं.

पायरी २: अजून डब्या कुठं मिळतील

घरात दोन-चारच निघाल्या तर जुन्या स्टुडिओत जा. नवी पेठेत, सात रस्त्याकडं, पूर्व भागात जिथं जिथं लग्नाचे फोटो काढणारे जुने स्टुडिओ आहेत तिथं सकाळी गिऱ्हाईक नसताना जायचं, एक चहा सांगायचा आणि विचारायचं. लग्नसराईत हे लोक एकेका लग्नाला ३६ फोटोंचे कितीतरी रोल वापरायचे आणि डब्या एखाद्या खोक्यात टाकून द्यायचे, ते खोकं बऱ्याचदा अजून असतं. "काय करलालास बे याचं?" असं विचारतील, सांगायचं की प्रयोगाला पाहिजेत. पैसे शक्यतो घेत नाहीत.

आणि हो, जाताय तर जुना एक्स्पायर झालेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो पेपर (डार्करूममध्ये फोटो काढायचा, प्रिंटरचा नव्हे) आहे का तेही विचारा, शेवटी त्याचं काम आहे.

पायरी ३: तीन ढीग करा

ही पायरी चुकवू नका, पुढचं सगळं हिच्यावर आहे.

पहिला ढीग काळ्या डब्यांचा, करड्या झाकणाच्या. बहुतेक कोडॅकच्या. हिचं झाकण डबीच्या कडेवरनं बाहेरून बसतं, टोपी घातल्यासारखं. उघडायला सोपी, अंगठ्यानं टक् करून निघते. आत उजेड जात नाही.

दुसरा ढीग दुधी अर्धपारदर्शक डब्यांचा, फुजीच्या बऱ्याच अशा. हिचं झाकण डबीच्या आत जाऊन बसतं, बुचासारखं, आणि म्हणून घट्ट. आत काय आहे ते न उघडता दिसतं. हवा-पाण्याला हीच जास्त भरवशाची.

तिसरा ढीग धातूचा, म्हणजे प्लास्टिक येण्याआधीच्या ॲल्युमिनियमच्या डब्या, आट्याच्या झाकणाच्या. मिळाली तर नशीब समजा. हिला घासपुसीच्या काथ्यानं घासायचं नाही, वरची छपाई आणि रंग जातो, आणि जमवणारे लोक त्यालाच किंमत देतात. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या "इंदू" रोलचं काही निघालं, डबी असो नाहीतर कागदी खोकं, ते पण बाजूला ठेवा. सरकारी कंपनी होती, १९६० ची, आता बंद आहे.

रंगावर शंभर टक्के जाऊ नका हं. कंपन्यांनी मधे मधे डब्या बदलल्यात, काळी डबी पण आतल्या झाकणाची निघू शकते. प्रत्येक झाकण काढून बघायचं, कडेच्या बाहेर बसतं की आत, बास.

पायरी ४: धुणं आणि परीक्षा

नवी उघडलेली डबी असेल तर तिला फिल्मचा एक वास असतो, जुनीला आधी जे ठेवलं होतं त्याचा. कोमट पाणी, भांड्याचा साबण, बाटली धुवायचा बारीक ब्रश. उकळत्या पाण्यात टाकू नका, डबी टिकेल कदाचित पण झाकण मऊ प्लास्टिकचं असतं, ते वेडंवाकडं झालं की डबी गेली. वास जात नसेल तर चमचाभर खायचा सोडा आत टाकून रात्रभर ठेवा. मिश्रीचा वास मात्र सोड्याला पण दाद देत नाही, ती डबी खिळ्यांना ठेवा.

वाळवायला सावलीत ठेवा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, सावलीत पण तासाभरात कोरडी होते, गच्चीवर कडक उन्हात प्लास्टिक ठिसूळ करून घ्यायची गरज नाही. याच कारणानं भरलेल्या डब्या उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून जाऊ नका.

मग परीक्षा. काठोकाठ पाणी भरायचं, झाकण लावायचं, वर्तमानपत्रावर उलटी करून रात्रभर ठेवायची. सकाळी कागद कोरडा तर ती पास, तिच्या बुडाला मार्करनं एक टिंब. कागद ओला तर डबी वाईट नाही, फक्त तिच्यात कोरड्या वस्तू ठेवायच्या. झाकणाच्या कडेला नखानं तपासा, बारीक तडा असेल तर कळतं. एका कंपनीचं झाकण दुसऱ्याच्या डबीला बसवत बसू नका, बसल्यासारखं वाटतं आणि बॅगेत निघतं.

पायरी ५: लेबल लावा, आजच

मास्किंग टेप आणि मार्कर. झाकणावर नाही, डबीच्या अंगावर, कारण झाकणं अदलाबदल होतात. काळ्या डबीत काय आहे ते बाहेरून कळत नाही, आणि "लक्षात राहील की" म्हणणाऱ्याच्या घरी दोन महिन्यांनी सगळ्या डब्या उघडून बघायचा कार्यक्रम होतो.

पायरी ६: कशात काय

डबीचं माप अंदाजे ३१ मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, आत ३०-३५ मिली मावतं. हे माप लक्षात ठेवलं की काय बसेल ते तुमचं तुम्हालाच सुचतं.

सुट्टे पैसे सगळ्यात भारी बसतात. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, सरळ चळत लागते, पंचवीसेक नाणी म्हणजे अडीचशे रुपये एका डबीत. स्कूटरच्या डिकीत एक डबी ठेवा, रिक्षाला, पार्किंगला, गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याला. यासाठी काळी डबी घ्या, झाकण एका हातानं निघतं आणि आत पैसे आहेत ते दिसत नाही.

शिलाई मशीनच्या बॉबिन एकावर एक चार बसतात. ज्यांच्या घरी शिलाईकाम चालतं त्यांनी दुधी डब्या घ्याव्यात, दोऱ्याचा रंग बाहेरून दिसतो, लाल पाहिजे तर लाल डबी उचलायची. मशीनच्या सुया सुट्ट्या टाकू नका, स्पंजचा नाहीतर थर्माकोलचा गोल तुकडा बुडाला बसवून त्यात खोचा. मधला मारुतीच्या बाजारात मणी, टिकल्या, लेस घेता ना, ते कागदी पुडीतलं सगळं सामान याच्यातच. पूर्व भागातल्या एका कारखान्यात मी बघितलंय, भिंतीला लाकडी पट्टी, पट्टीला झाकणं स्क्रूनं उलटी ठोकलेली आणि डब्या खालून वर दाबून लटकवलेल्या, प्रत्येकीत कापड विणायच्या मागाचे बारीक स्क्रू नि वॉशर. हे आतल्या झाकणाच्या डबीनंच जमतं आणि वजन हलकं असेल तरच. सुंदर दिसतं पण.

रिमोटचे बारीक सेल चार बसतात. त्याच डबीत नाणी नाहीतर पिना टाकू नका, सेलच्या दोन टोकांना धातू लागला की तापतात. बटणासारखे चपटे सेल लहान मुलांच्या घरात असल्या सहज उघडणाऱ्या डबीत अजिबात नको, गिळले तर फार वाईट.

बियाणं. झेंडू, मिरची, तुळस, गोकर्ण, कुंडीत लावायला घरचं बी धरता त्याला काळी डबी उत्तम, अंधार मिळतो. पण बी आधी सावलीत खडखडीत वाळलेलं पाहिजे, ओलं भरलं तर आठ दिवसांत बुरशी. बुटाच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी सोबत टाका, पांढऱ्या दाण्यांची. निळे दाणे असतील तर टाळा, त्यात कोबाल्टचं मीठ असतं. लेबलवर नाव आणि महिना. डबी फ्रिजच्या दारात.

बाकी सुई-दोरा-बटणाचं प्रवासाचं किट, इअरफोनचे रबर, सिमकार्ड आणि त्याची पिन, रांगोळीचे उरलेले रंग, गणपतीच्या डेकोरेशनच्या टाचण्या, हे तुम्ही करालच.

पायरी ७: हे ठेवू नका

खायची वस्तू नको. शेंगा चटणी प्रवासात न्यायला डबी मापात आहे हे मान्य, मोह होतो, पण ही डबी फिल्मसाठी बनवलेली आहे, खाण्याच्या दर्जाचं प्लास्टिक म्हणून नाही, आणि तेलकट तिखट चटणी तर अजिबात नको. त्याला छोटी स्टीलची डबी घ्या.

गोळ्या-औषधं नको. पाकिटावरचं नाव आणि एक्स्पायरी जाते, वरनं डबी लहान मूल पण उघडतं. झाकण स्वतःच एवढं आहे की रांगत्या पोराच्या तोंडात जाऊन घशात अडकेल, तेव्हा रिकाम्या डब्या सुद्धा खेळायला देताना समोर बसा.

चुना ॲल्युमिनियमच्या डबीत नको, चुना ॲल्युमिनियमला खातो, दोन्ही वाया. थिनर, पेट्रोल, नेलपेंट रिमूव्हर कुठल्याच डबीत नको.

पायरी ८: रॉकेट

आता मजेची गोष्ट, आणि इथं झाकणाचा फरक स्वच्छ कळतो. फक्त आतल्या झाकणाची दुधी डबी चालते. मेडिकलमधनं पाण्यात फसफसणारी गोळी आणायची, व्हिटॅमिन सीची वगैरे चालते. अंगणात नाहीतर मोकळ्या गच्चीवर जायचं. डबीत एक तृतीयांश पाणी, अर्धी गोळी टाकायची, झाकण पटकन दाबायचं, डबी उलटी, म्हणजे झाकण खाली, फरशीवर ठेवायची आणि मागं पळायचं. गोळीतनं कार्बन डायऑक्साइड निघतो, आतला दाब वाढत जातो, झाकण सुटतं आणि डबी फट्कन वर. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या डबीत तेवढा दाब धरत नाही, ती नुसती फुस्स करते.

ईनोनं पण होतं पण पावडर फार लवकर फसफसते, झाकण लावेपर्यंत हातातच उसळते, म्हणून अर्धा चमचा टिश्यू पेपरच्या पुरचुंडीत बांधून टाका. चष्मा नाहीतर गॉगल घाला. उडाली नाही तर लगेच वाकून बघायचं नाही, हे मुलांना तीनदा सांगा, कारण सगळ्यात आधी तेच करतात. थोडा वेळ थांबून लांबूनच काठीनं आडवी करा. शाळेतल्या बाईंनी-सरांनी हा प्रयोग जरूर करावा, पाणी कमी-जास्त, गरम-गार करून काय बदलतं ते पोरं स्वतः शोधतात.

दिवाळीला दुधी डब्यांची माळ पण होते. झाकणाला ब्लेडनं फुलीची चीर, त्यातनं लायटिंगच्या माळेचा एकेक दिवा आत. फक्त एलईडीची माळ, जुन्या तापणाऱ्या बल्बची नको.

पायरी ९: काळ्या डबीचा सूर्य-कॅमेरा

हे थोडं चिकाटीचं काम आहे पण माझ्या मते काळ्या डबीचा सगळ्यात चांगला उपयोग. डबीला बारीक छिद्र, आत फोटो पेपर, आणि डबी गच्चीवर महिनोन् महिने बांधून ठेवायची. रोज सूर्य ज्या वाटेनं जातो ती रेघ पेपरवर उमटते, रोज नवी रेघ, ढग आले त्या दिवशी तुटक.

डबीच्या कुशीत मधोमध ५ मिलिमीटरचं भोक पाडा. कोल्ड्रिंकच्या कॅनचा नखाएवढा तुकडा घ्या, सगळ्यात बारीक सुईच्या नुसत्या टोकानं त्यात छिद्र करा, सुई आरपार घालायची नाही, ०.३ मिलिमीटरच्या आसपास पाहिजे. मागची धार बारीक पॉलिश पेपरनं घासा आणि हा तुकडा भोकावर काळ्या टेपनं चिकटवा, वर अजून एक टेपचा तुकडा शटर म्हणून. मग रात्री, खोलीत अंधार करून, मंद लाल दिव्यात फोटो पेपरचा साधारण ८ सेंटिमीटर बाय साडेचार सेंटिमीटर तुकडा कापा आणि डबीच्या आतल्या भिंतीला गोल बसवा, चकचकीत बाजू आत, छिद्राच्या समोर पेपर येईल आणि छिद्रावर येणार नाही असा. झाकण लावा, झाकणाच्या जोडावर काळा टेप गच्च गुंडाळा. एक्स्पायर झालेला पेपर पण चालतो, म्हणून स्टुडिओत विचारा म्हटलं.

आता बांधायचं कसं, इथं नेटवरचं ऐकू नका. युरोपातले लोक सांगतात डबी सरळ उभी, तोंड दक्षिणेला. त्यांच्याकडं सूर्य खाली असतो. सोलापूर साडेसतरा अंशाच्या जरा वर आहे, आपल्याकडं ऐन डिसेंबरात पण भर दुपारी सूर्य ४९ अंशांवर असतो आणि मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास तर बरोबर डोक्यावर येतो, सावली गायब. उभ्या डबीला वर जेमतेम ३८-३९ अंशांपर्यंतच दिसतं, म्हणजे सकाळ-संध्याकाळ येईल आणि दुपार कापली जाईल. म्हणून डबी मागं कलती करायची, छिद्र दक्षिणेच्या आभाळाकडं, ४५ ते ५० अंश. पोरांच्या कंपास पेटीतला ४५ अंशाचा गुण्या लावून बघितलं की झालं. लाकडाच्या तिरक्या ठोकळ्यावर डबी टेपनं चिकटवा आणि ठोकळा कठड्याला केबल टायनं दोन ठिकाणी घट्ट, वाऱ्यानं हलली तर सगळ्या रेघा फाटतात.

छिद्र आभाळाकडं म्हणजे पाणी जायची भीती, त्यामुळं २२ डिसेंबरच्या आसपास लावा आणि जूनचा पाऊस धरायच्या आधी काढा. मधे वळवाचा पाऊस येतोच, त्यासाठी छिद्रावर पारदर्शक सेलोटेपचा छोटा तुकडा लावा, रेघा थोड्या मऊ येतील पण पेपर वाचेल. आणि हे स्वतःच्याच गच्चीवर, सोसायटीत सांगून. टेप गुंडाळलेली काळी डबी किल्ल्याच्या बागेत नाहीतर स्टेशनजवळ बांधून आलात तर पोलीस येतील आणि त्यांचं काही चुकणार नाही.

काढल्यावर पेपर धुवायचा नाही, केमिकलमध्ये घालायचा नाही. मंद उजेडात डबी उघडा, पेपर सरळ स्कॅनरवर ठेवा आणि एकदाच चांगल्या क्वालिटीत स्कॅन करा, कारण स्कॅनरच्या उजेडानं पण तो हळूहळू काळा पडतो. मोबाईलमध्ये फोटो उलटा करा, म्हणजे निगेटिव्हचं पॉझिटिव्ह आणि डावं-उजवं पण. मूळ पेपर काळ्या पाकिटात, वहीत दाबून.

पायरी १०: उरलेल्यांचं काय

तडकलेल्या, वास न जाणाऱ्या, झाकण हरवलेल्या डब्या उरतातच. झाकण हरवलेली डबी पेनस्टँडमध्ये सुयांना, ब्रशला, नाहीतर रोपाची बी टोचायला, बुडाला भोक पाडून. अगदीच नको असेल तर बुडाखाली त्रिकोणात आकडा असतो तो बघा, २ असेल तर ते कडक पॉलिथिन, झाकणावर बऱ्याचदा ४ असतो ते मऊ. दोन्ही वेगळं करून भंगारवाल्याकडं, घंटागाडीला द्यायचं तर सुक्या कचऱ्यात. रोलची पत्र्याची खोळ वेगळी, ती पत्र्यात जाते. शेकोटीत टाकू नका. आणि चांगल्या वीस-पंचवीस डब्या जास्तीच्या उरल्या तर जवळच्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांना नेऊन द्या, दुधी आणि काळ्या वेगळ्या पिशव्यांत, कुठली रॉकेटला ते चिठ्ठीवर लिहून.